कारवानची पिल्लं आणि आमचं घर

गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामू, मला कारवान पाळायचाय. अम्मी म्हणते, कुत्रा आला तर घरात फरिश्ते येणार नाहीत. तुम्ही तिला समजवा." पाठोपाठ त्यानं मोबाइलवर पिल्लाचा फोटो पाठवला. पाच आठवड्यांचं पिल्लू, जाळीच्या पिंजऱ्यात, कोपऱ्याला अंग चोरून बसलेलं. विकणारा म्हणत होता, आजच घेऊन जा, उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे.

बहिणीला समजवायचं काम मी लगेच अंगावर घेतलं नाही. तिच्या उजव्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांचे चार वण आहेत, आणि तो कुत्रा माझ्या हट्टापायी घरी आला होता.

ही गोष्ट आमच्या लहानपणची. अब्बा केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते. माल बघायला यावल-रावेरकडे जात आणि सुट्टीत मलाही बरोबर नेत. जळगावहून तापी ओलांडली की केळीचे मळे सुरू होतात आणि उत्तरेला सातपुडा दिसू लागतो. यावल, रावेर आणि चोपडा या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला तडवी भिल्लांची गावं आहेत. तडवी मुसलमान आहेत आणि आदिवासीही. बाहेरच्या वाचकांना हे नवं वाटेल, खान्देशातल्यांना ठाऊक आहे. अशाच एका गावात अब्बांचे जुने दोस्त राहायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांकडे कारवान कुत्रे होते.

कारवान म्हणजे उंच, सडपातळ, लांबट तोंडाचा, पोट आत गेलेला शिकारी कुत्रा. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे तो जास्त दिसतो. कर्नाटकातला मुधोळ हाउंड त्याचाच भाऊबंद. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. हा कुत्रा वासावर फार अवलंबून राहत नाही. नजरेनं सावज टिपतो आणि धावून गाठतो. नानांनी आपली पहिली कुत्री सोलापूरकडून आणली होती. तरुणपणी ते तिच्या वंशातल्या कुत्र्यांना घेऊन सशामागे जात. मी त्यांना पाहिलं तोवर शिकार संपली होती आणि कुत्रे रात्री मक्यात, भुईमुगात शिरणारी रानडुकरं हाकलत.

एका मे महिन्यात त्यांच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली. नानांनी कुडाच्या आडोशाला जुनी पोती अंथरून तिची जागा केली होती. तिसऱ्या दिवसापासून ते रोज दोनदा तिथं जाऊन बसत. आधी कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, मग एकेक पिल्लू उचलायचं, तळहातावर थोडा वेळ धरायचं, पालथं-उताणं करायचं, पंजे दाबायचे आणि परत आईजवळ ठेवायचं. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. मी विचारलं, "त्यांना कळतं का?" नाना म्हणाले, "डोये नहीत, पण नाक हाये ना. त्याले हाताचा वास लागू दे."

साधारण दोन आठवड्यांनी पिल्लांचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात कान काम करू लागतात. तिथून नानांची खरी घाई सुरू व्हायची. पिल्लं पोत्यावरून मातीत, मातीतून पत्र्यावर, पत्र्यावरून केळीच्या वाळलेल्या पानांवर चालवायची. पत्र्यावर नखं वाजली की ती दचकत, दुसऱ्या दिवशी दचकत नसत. नानी जवळच भांडी घासायची, मुद्दाम ताट आपटायची. कोणी सायकलची घंटी वाजवायचं. गावातली पोरं, म्हातारी माणसं, काठी टेकत चालणारा, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, सगळ्यांना नाना बोलावून पिल्लाजवळ बसवत. शेळ्या आणि कोंबड्या तर अंगणातच होत्या. पिल्लू कोंबडीमागे धावलं तर नाना त्याला मारत नसत. नुसतं उचलून दुसरीकडे ठेवत, शंभर वेळा. एकदा एका पोरानं पिल्लाच्या कानाशी पत्र्याचा डबा वाजवला. तेव्हा मात्र नाना त्याच्यावर ओरडले. पिल्लाला आवाजाची सवय करायची असते, त्याला भेवडवायचं नसतं. दुरून सुरू करायचं आणि पिल्लू स्वतः पुढे आलं तर जवळ जायचं.

खायला घालताना नाना एकच शीळ घालत. सहाव्या आठवड्यापर्यंत ती शीळ ऐकली की सहाही पिल्लं हातातला खेळ टाकून धावत येत. बाकीचं शिक्षण आई आणि भावंडं देत. एखाद्यानं भावाला जोरात चावा घेतला की तो किंचाळायचा आणि खेळ थांबायचा. आई दूध पाजताना जास्त दात लावणाऱ्याला गुरकावून बाजूला करायची. जबडा किती दाबायचा, हे पिल्लू तिथंच शिकतं. म्हणून नाना दोन महिन्यांच्या आत पिल्लू कुणाला देत नसत.

मी पिल्लासाठी रडलो. नाना म्हणाले, अजून तीन आठवडे थांब. मला धीर नव्हता. अब्बांनी माझा हट्ट मोडण्यापेक्षा पुरवणं सोपं समजलं आणि बाजारातून तसंच दिसणारं एक पिल्लू आणलं. ते जेमतेम चार आठवड्यांचं असेल. त्याला मी शेरू म्हणू लागलो.

आमच्या घरी शेरूचं काय झालं ते सांगतो, कारण यात दोष कुणा एकाचा नव्हता. त्याला मागच्या बोळात नळाजवळ बांधलं. अम्मी म्हणायची, "हाथ मत लगा, नापाक है." दादींच्या जानमाजजवळून तो गेला तर सगळं घर धुवायला निघायचं. मी शाळेतून आल्यावर लांबूनच त्याच्याशी खेळायचो, हात लावला तर ओरडा बसायचा. ताटलीत भाकरी टाकून ताटली काठीनं पुढे ढकलायची अशी रीत पडली. मोहल्ल्यातली पोरं येता-जाता खडे मारत. पाहुणा आला की त्याच्यावर पोतं टाकून झाकत. शेरूला माणसाचा हात माहीत होता तो फक्त काठीच्या टोकाला.

आठ महिन्यांचा असताना त्यानं माझ्या बहिणीला चावलं. ती सहा वर्षांची होती. ताटली उचलायला वाकली होती. तेव्हा रेबीजची लस पोटात टोचत. सरकारी दवाखान्यात तिला चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज अब्बा तिला सायकलवर पुढे बसवून नेत आणि मी मागे धावायचो. ती रडायची नाही, ओठ घट्ट दाबून बसायची. त्या चौदा दिवसांत तिनं माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

नाना आले आणि शेरूला मळ्यात घेऊन गेले. त्यांनी दोन वर्षं प्रयत्न केला. तो नानांच्या हातून खायला शिकला, एवढंच. दुसऱ्या कुणी हात वर केला की तो जमिनीला चिकटायचा किंवा दात दाखवायचा. मी एकदा विचारलं, हा आता सुधारेल का? नाना म्हणाले, "जे लहानपनी शिकाचं व्हतं, ते आता थोडंथोडकंच शिकीन."

पुढे अनेक वर्षांनी मला कळलं की नाना जे सांगत, ते अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं संशोधकांनी मोजून दाखवलं होतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथं वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण केलं. त्यांचा ग्रंथ 1965 साली आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ठरवतं की आपली माणसं कोण, सोबतचे प्राणी कोण आणि भ्यायचं कशाला. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या शेतात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती पिल्लं रानटी जनावरासारखी झाली. शेरूचे ते आठवडे आमच्या बोळात गेले होते. माणसं चारी बाजूंनी होती, पण एकाचाही हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळून पुढे जाता येत नाही. कुत्र्याबद्दल आमच्या घरात दोनच गोष्टी पाठ होत्या. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि कुत्रा पाळणाऱ्याच्या सवाबातून रोज काही कमी होतं. दोन्ही गोष्टी हदीसमध्ये आहेत, मी त्या नाकारत नाही. पण दुसऱ्या हदीसमध्येच शिकारीचा, गुरांचा आणि शेतीचा कुत्रा वगळला आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. फरिश्त्यांच्या हदीसबाबत उलेमांत मतभेद आहेत. परवानगी असलेले कुत्रे त्यात येत नाहीत असं इमाम खत्ताबींचं मत, तर इमाम नववींना तो हुकूम सगळ्यांनाच लागू वाटतो. मालिकी फिकहमध्ये कुत्रा पाक मानला जातो. कोकणातले आपले शाफई भाऊ कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुतात, त्यात एकदा मातीनं. आम्ही खान्देशातले बहुतेक हनफी, आमच्यात लाळ नापाक आहे, पण कोरड्या अंगाला हात लागल्यानं हात नापाक होत नाही. म्हणजे शेरूच्या डोक्यावरून मी हात फिरवला असता तर काहीच बिघडलं नसतं. मसला माहीत असता तर कदाचित बहिणीची पोटरीही वाचली असती.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती सूरह माइदातली चौथी आयत. तिथं शिकवलेल्या जनावरांनी धरलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि शिकवणाऱ्यांसाठी जो अरबी शब्द आला आहे तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा, यावरूनच बनला आहे. अल्लाहनं जे इल्म तुम्हाला दिलं त्यातलं तुम्ही त्यांना शिकवता, असा त्या आयतीचा भाव आहे. कुत्र्याची तरबियत ही तिथं अल्लाहनं दिलेल्या इल्मचाच एक भाग आहे. हातिमताईच्या दानशूरपणाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्याचा मुलगा अदी यानं रसूलुल्लाह ﷺ यांना कुत्र्याच्या शिकारीबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा, की शिकवलेला कुत्रा अल्लाहचं नाव घेऊन सोडला आणि त्यानं शिकार तुझ्यासाठी धरून ठेवली तर खा. त्यानं स्वतः त्यातलं खाल्लं तर खाऊ नको, कारण मग ती त्यानं स्वतःसाठी धरली.

कुत्रा शिकलेला आहे हे ठरवायचं कसं? इमाम अबू हनीफांनी ते शिकवणाऱ्याच्या पारखीवर सोडलं. त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, तीन वेळा शिकार धरून त्यानं त्यातलं खाल्लं नाही तर तो शिकलेला. म्हणजे किती वेगानं धावतो, किती जोरात चावतो, यावर काहीच ठरत नाही. तोंडात आलेलं सोडता येतं का, यावर ठरतं. आणि नानांच्या अंगणात मी पाहिलं होतं की या सोडण्याची सुरुवात दुधाच्या वयात, भावंडाच्या कानावरचा जबडा सैल करण्यापासून होते.

आज शिकार करता येत नाही आणि ते योग्यच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराचा कुत्र्यानं पाठलाग करवणंही येतं. यावलचं जंगल तर 1969 पासून अभयारण्य आहे. ससा असो की हरण, त्यामागे कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, मग व्हिडिओ कितीही लोकांनी पाहो. तरी या जातीला काम उरलं आहे. शेत आणि शेळ्या राखणं हे परवानगीच्या यादीतलंच काम. भाच्याच्या घरचं शेत धुळ्याबाहेर आहे आणि तिथं बारा शेळ्या आहेत. कुत्रा शेतावरच राहणार होता, घरात नाही.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मसले तू मुझे मत सिखा. वो पिंजरेवाला पिल्ला नहीं आना चाहिए." तिचं बरोबर होतं. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. भाच्याला मी सांगितलं, त्या माणसाला नाही म्हण, आपण यावलला जाऊ.

धुळ्याहून शिरपूर, चोपडा करत यावलला जाता येतं. शिरपूरजवळ वाट वाकडी करून आम्ही तापीकाठच्या थाळनेरला थांबलो. तिथं फारूकी सुलतानांच्या कबरी आहेत. फरिश्ता या इतिहासकारानं लिहिलं आहे की शिकारीत वाट चुकून भुकेल्या फिरोजशाह तुघलकाला मलिक राजानं खाऊ घातलं, आणि त्याच्या बदल्यात 1370 च्या सुमाराला त्याला थाळनेरची जहागीर मिळाली. पुढे त्याचाच खान्देश झाला. भाचा म्हणाला, "म्हणजे आपला खान्देश शिकारीतूनच निघाला!" मी म्हटलं, भुकेल्याला जेवू घालण्यातून निघाला, असंही म्हणता येईल.

नाना आता नाहीत. त्यांचा नातू कुत्रे सांभाळतो. त्याच्याकडे पाच आठवड्यांची पाच पिल्लं होती. त्यानं भाच्याच्या हातात पिल्लू द्यायच्या आधी कुत्री दाखवली. ती शेपटी हलवत आमच्याजवळ आली. "आई पाहा आधी," तो म्हणाला. "आई माणसाले भेत असीन तं पिल्लूही भेनार." पिल्लू द्यायला मात्र त्यानं साफ नकार दिला. तीन आठवडे थांबा, आणि नुसते थांबू नका, दर जुम्याला येऊन बसा. लस सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सुरू होते आणि पुढचे डोस संपेपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, भटक्या कुत्र्यांत सोडायचं नाही. पण म्हणून कोंडूनही ठेवायचं नाही. कडेवर घेऊन बाजार दाखवायचा, शेळ्यांत बसवायचं, ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकवायचा. रेबीजची लस तीन महिन्यांना, ती चुकवायची नाही. हे सगळं तो पाठ असल्यासारखं सांगत होता. नाना नुसते करायचे, हा सांगतोही.

आम्ही तीन जुमे गेलो. तिसऱ्या वेळी बहीण आली. अंगणात खाट टाकली होती, तिच्यावर ती बुरखा सावरून, पाय वर घेऊन बसली. पिल्लं धुळीत लोळत होती. नातवानं शीळ घातली. तीच शीळ. पाचही पिल्लं धावली. त्यातलं एक तांबूस पिल्लू वाटेत थांबलं आणि खाटेखाली पडलेल्या तिच्या चपलेचा वास घेऊ लागलं. बहीण बघत राहिली. मग तिनं एक पाय खाली सोडला. पिल्लानं तिच्या टाचेला नाक लावलं, हुंगलं, आणि शिळेच्या दिशेनं निघून गेलं. तिनं पाय मागे घेतला नाही. वण असलेलाच पाय होता तो. घरी गेल्यावर तिनं टाच धुतली, वजू केला आणि असरची नमाज पढली. मी काही बोललो नाही.

तेच तांबूस पिल्लू आता सात महिन्यांचं आहे. शेतावर राहतं, शेळ्यांत झोपतं. परवा भाच्याचा फोन आला. त्यानं भाकरीचा तुकडा समोर टाकून 'छोड' म्हटलं आणि पिल्लानं तो सोडला. सलग तीन वेळा. "मामू, अबू यूसुफवाली तीन वेळा झाली!" मागून बहिणीचा आवाज आला, "उसको बोल, तो भी घर में नहीं आएगा." आणि मग, थोडं थांबून, "रोटी दी ना उसको बाद में?"